वाचायला लावणारी खेळणी: घेण्याआधी काय बघायचं

वाढदिवसाच्या भेटींमध्ये हल्ली एक तरी बोलणारी पाटी असतेच. बटण दाबलं की ती 'क' म्हणते, दिवा लुकलुकतो, मागे संगीत वाजतं. खोक्यावर 'एज्युकेशनल', 'इंटरॅक्टिव्ह', 'रीडिंग स्किल्स' असे शब्द ठळक छापलेले असतात. हे शब्द छापायला कुणाची परवानगी लागत नाही. खेळणं सुरक्षित आहे का, हे तपासणारी सरकारी यंत्रणा आपल्याकडे आहे, तिच्याबद्दल शेवटी सांगते. त्या खेळण्याने मूल वाचायला शिकतं का, हे मात्र कुणीच तपासत नाही. ते आपणच बघायचं.

दुकानात उभं राहून एकच प्रश्न विचारायचा झाला, तर मी हा विचारीन: हे खेळताना बोलणार कोण? खेळणंच बोलणार असेल, तर ते खुशाल परत फळीवर ठेवावं. मूल बोलणार असेल, किंवा मुलाशी आई-बाबा-आजी बोलणार असतील, तर पुढची चौकशी करावी. हे जरा उफराटं वाटेल. म्हणून आधी वाचन म्हणजे नेमकं काय घडतं ते बघू.

वाचनाचा गुणाकार

1986 मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाचं एक अगदी साधं सूत्र मांडलं. अक्षरं लावून शब्दाचा उच्चार काढता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं, म्हणजे वाचन. त्यांनी बेरीज न करता गुणाकार केला, आणि सगळी मेख तिथेच आहे. दोघांपैकी एक शून्य असेल, तर उत्तर शून्य.

शहरातलं पहिलीतलं मूल 'वा-स-रू' असं बरोबर अक्षर लावून वाचतं आणि कोरा चेहरा करून बघतं, कारण वासरू म्हणजे काय ते त्याच्या गावीही नसतं. उलट, घरात भरपूर गोष्टी ऐकलेलं चार वर्षांचं पोर पुस्तक उघडून तोंडपाठ गोष्ट ऐटीत 'वाचतं', पण बोट भलत्याच ओळीवर असतं. पहिल्याला शब्द हवेत, दुसऱ्याला अक्षरं.

बाजारातली बहुतेक 'वाचन' खेळणी अक्षरांपुरतीच असतात. त्यातही अक्षराचं नाव घोकायचं, एवढंच. शब्दांचा साठा, गोष्ट पुढे कशी सरकते याचा अंदाज, 'मग काय झालं?' विचारण्याची हौस, हे सगळं माणसांच्या बोलण्यातून येतं. आणि बोलणारं खेळणं नेमकं त्या बोलण्यावर घाला घालतं.

हे माझं मत नाही, मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या ॲना सोसा यांनी 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 10 ते 16 महिन्यांची 26 बाळं आणि त्यांचे आई-वडील. प्रत्येक घरात तीन प्रकारची सामग्री दिली: बॅटरीवर बोलणारी खेळणी, साधी खेळणी, आणि पुस्तकं. घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. पुस्तक हातात असताना मोठी माणसं मिनिटाला साधारण 67 शब्द बोलत होती, ठोकळ्या-कोड्यांशी खेळताना साधारण 56, आणि बॅटरीच्या खेळण्यांबरोबर साधारण 40. बाळाच्या हुंकाराला उत्तर देणंही कमी झालं. खेळणं बोलतंय तर आपण कशाला मध्ये बोला, असं आपण सगळेच नकळत करतो.

वाया जातं ते काय, ते एका उदाहरणात बघा. बाळ पुस्तकातल्या म्हशीवर बोट ठेवून 'हे?' म्हणतं. आजी म्हणते, "म्हैस गं ती. आत्याकडे नाही का पाहिली आपण, डबक्यात बसली होती, उठायलाच तयार नव्हती." त्या एका उत्तरात म्हैस, डबकं, बसणं, न उठणं, आत्याचं गाव, सगळं आलं. बटण दाबल्यावर येतं ते 'म्हैस', फार तर एक हंबरडा. शंभर वेळा दाबलं तरी तेवढंच.

मोठ्या मुलांचंही असंच. 2013 मध्ये जुलिया पॅरिश-मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन आणि पाच वर्षांच्या मुलांची तुलना केली: काही जणांना आई-वडिलांबरोबर साधं पुस्तक, काहींना बटणांचं, आवाज करणारं इलेक्ट्रॉनिक पुस्तक. दुसऱ्या गटात आई-वडील गोष्टीबद्दल कमी आणि 'ते दाबू नको', 'आता पान उलट' असंच जास्त बोलले. तीन वर्षांच्या मुलांना गोष्टही कमी समजली.

बॅटरी नसली म्हणजे भागलं, असंही नाही. सिंथिया चियाँग आणि जुडी डीलोश यांनी 2012 मध्ये अडीच-तीन वर्षांच्या मुलांना अक्षरांची पुस्तकं दिली. काही साधी, काहींत ओढायच्या पट्ट्या, उघडायच्या खिडक्या, हात फिरवायला मऊ तुकडे. अक्षरं जास्त लक्षात राहिली ती साध्या पुस्तकातली. मूल पट्टी ओढण्यात गुंगतं, अक्षर बाजूलाच राहतं. खिडक्यांची पुस्तकं घेऊ नयेत, असं मी म्हणत नाही. मुलांना ती फार आवडतात आणि पुस्तकाशी मैत्री व्हायला ती छान. फक्त त्यांतून अक्षरओळख होईल ही आशा ठेवू नये.

आणखी एक गोष्ट पालकांना फारशी माहीत नसते. आपण वाचून दाखवत असताना मुलाची नजर कुठे असते? कॅनडात मेरी ॲन इव्हान्स आणि जाँ सँ-ओबँ यांनी 2005 मध्ये नजरेचा माग घेणारं यंत्र लावून पाहिलं. मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रं बघतात. मजकुराकडे क्वचितच बघतात. म्हणजे एखादं यंत्र पान वाचून दाखवत असेल, तर मूल गोष्ट ऐकतंय, वाचत नाहीये. ऐकणं चांगलंच आहे, पण त्यासाठी रेडिओही चालतो. नजर अक्षराकडे न्यायला बोट लागतं. वाचताना अधूनमधून शब्दाखाली बोट फिरवा, 'हा बघ, "धपाक्" किती मोठ्ठा लिहिलाय' म्हणा. बहुतेक खेळणी एवढं करत नाहीत.

मराठी अक्षरांचा डबा

खरी निवड करायची असते ती इथे, आणि इथेच दुकानदाराला विचारून काही उपयोग नसतो, कारण बहुतेक खेळणी इंग्रजीच्या साच्यावर काढलेली असतात. इंग्रजीत 26 अक्षरं. प्रत्येकाला एक बटण दिलं की काम झालं. तोच साचा उचलून मराठी मुळाक्षरांना एकेक बटण दिलं की 'मराठी पाटी' तयार. पण मराठी वाचताना मुळाक्षरं ही नुसती सुरुवात असते. 34 व्यंजनं आणि नेहमीची बाराखडी एवढंच धरलं तरी 34 गुणिले 12, म्हणजे 408 अक्षररूपं झाली. त्यात ॲ आणि ऑ धरा, मग जोडाक्षरं, मग 'र'चे अवतार: सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या. म्हणूनच आपल्या लिप्यांमधली अक्षरओळख काही महिन्यांत उरकत नाही. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांमध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं की ती प्राथमिक शाळेची कित्येक वर्षं चालू राहते. मराठीची घडणही तशीच आहे. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाला सगळी बाराखडी येत नाही म्हणून घाबरून 'फास्ट लर्निंग किट' आणायचं कारण नाही.

मग घ्यायचं काय? सुटी अक्षरं. चुंबकाची, लाकडाची, पुठ्ठ्याची, कशाचीही. मुलाला ती उचलता, सरकवता, चुकवता आली पाहिजेत. मारिया माँटेसरींच्या बालघरात हलवता येणारी अक्षरं होती, त्याचं कारण हेच: हाताला लिहिता यायच्या आधी मुलाला शब्द बांधता येतो.

डबा घेताना तीन गोष्टी उघडून बघा. पहिली, काना-मात्रा-वेलांटी-उकार सुटे आहेत का. नुसती क ते ज्ञ असतील, तर 'कमल', 'नळ', 'घर' यापुढे गाडी जाणार नाही. दुसरी, एकेक अक्षर किती वेळा आहे. डब्यात एकच म असेल, तर मामा कसा होणार? काका नाही, बाबा नाही, दादा नाही. मुलाला सगळ्यात आधी लिहायची असतात ती सगळी माणसं बाद. तिसरी, उकार अक्षराखाली आणि मात्रा अक्षरावर बसते का. पुष्कळ संचांत सगळे तुकडे एकाच उंचीचे चौकोन असतात, त्यामुळे 'कु'मधला उकार क-च्या शेजारी येऊन बसतो.

सगळी अक्षरं एकदम ओतू नका. म, क, ल, न आणि काना एवढंच घ्या, प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती. त्यातून मामा, काका, मका, नाक, कान, काम, काल, लाल, मला, नका, कमान इतके शब्द होतात. 'मामा, नका' हे तर चक्क वाक्य झालं, आणि मुलं ते घरभर म्हणत सुटतात. शाळांमधून अक्षरगट पाडून शिकवतात, त्यामागे हाच हिशोब असतो: चार अक्षरं आली की लगेच वाचायला काहीतरी हाती लागलं पाहिजे.

वेलांटी आली की मजा बघा. मूल 'किती' लावायला बसतं. आधी क घेतं, कारण कानाला आधी क ऐकू येतो. मग पहिली वेलांटी क-च्या उजवीकडे ठेवतं, कारण ती नंतर ऐकू येते. पुढे त, त्यापुढे दुसरी वेलांटी. आता वाचून बघतं तर 'कति', आणि मागे एक वेलांटी लोंबकळतेय. थोडा वेळ तोंडातल्या तोंडात पुटपुटतं, मग पहिली वेलांटी उचलून क-च्या डावीकडे सरकवतं. 'बोलताना नंतर, लिहिताना आधी' ही देवनागरीची मोठी अडचण त्याने स्वतः सोडवली. पाटीवरचं 'कि'चं बटण हे काम त्याला करूच देत नाही. तिथे 'कि' तयार येतो.

असा संच घरीही होतो. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी झकास. अक्षरं कागदावर, आणि काना-मात्रा-वेलांट्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर मार्करने काढल्या, की त्या अक्षरावर हव्या तिथे ठेवता येतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी वर्षानुवर्षं केली. आणि त्याच्याही कितीतरी आधी बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पानं यांच्यावर बालवाड्या चालवल्या. महाग खेळण्याने मूल लवकर शिकतं, हा समज तिथे केव्हाच निकालात निघाला होता.

आवाज कुणाचा?

आवाजाची पाटी घ्यायचीच असेल, तर आधी सुरू करून ऐका. 'हिंदी-मराठी' लिहिलेल्या कित्येक संचांत आवाज हिंदीच असतो. ओळखायची खूण सोपी: ज्ञ दाबा. 'ग्य' ऐकू आलं की समजा. ऋ 'रि' म्हणतो की 'रु', तेही बघा. आणि ळ आहे का? नसेल तर बाळ, केळं, फळा, शाळा सगळंच गेलं.

अस्सल मराठी आवाजालाही एक मर्यादा आहे. चार आणि चाक मोठ्याने म्हणून बघा. जहाज आणि जाळं. झेंडा आणि झाड. अक्षर एकच, उच्चार दोन. पाटी प्रत्येक अक्षराचा एकच उच्चार ऐकवते, आणि मग मूल 'चाक' वाचताना चार-मधला च वापरतं. मोठं माणूस जवळ असलं की ते हसून दुरुस्त होतं.

चित्राचाही सापळा असतो. 'क कमळाचा' घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं कमळ ओळखत असतात, क नाही. चित्र हाताने झाका आणि विचारा. किंवा बिस्किटाच्या पुड्यावरचा, दुकानाच्या पाटीवरचा क शोधायला सांगा. तिथे ओळखला, तर आला.

घरात बोलणारी पाटी आधीच आलेली असेल तर टाकू नका. आवाज बंद करा, किंवा स्पीकरवर चिकटपट्टी लावा, आणि उलटा खेळ खेळा: मूल बटण दाबणार, आवाज तुम्ही काढणार, मुद्दाम एखादा चुकीचा. चूक पकडायला मुलं टपलेलीच असतात.

इलेक्ट्रॉनिक खेळण्यांना सरसकट नाही म्हणावं असं मात्र मला वाटत नाही. घरात मराठी वाचणारं कुणी नसेल, आई-वडील अमराठी असतील, किंवा मूल परदेशात वाढत असेल, तर शब्दाला टेकवल्यावर तो वाचणारी पेन उपयोगी पडते. कारण तिथे पर्याय आजीच्या गप्पांचा नसतो, शांततेचा असतो. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात, पण त्या आठवड्यातून एकदा. मधले दिवस असंच काहीतरी लागतं. अशा वेळी आपला आवाज भरता येणारं खेळणं सगळ्यात चांगलं. नागपूरच्या आजोबांनी पानापानाला आपला आवाज भरून पाठवला, की 'आमच्याकडे याला चिंचोके म्हणतात बरं का' हेही त्यात येतं. वाचताना तो तो शब्द उजळणारं साधन असेल तर अजून उत्तम, कारण नजर शब्दावर जाते.

एसटीची पाटी

तीन ते सहा या वयात मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो लुटुपुटूच्या खेळांवर. अमेरिकेत सुसान न्यूमन आणि कॅथलीन रॉस्कॉस यांनी 1990 च्या आसपास बालवाड्यांच्या खेळघरात नुसता लिखित मजकूर आणून ठेवला: पाककृतीची कार्डं, पाकिटं, फॉर्म, पाट्या. मुलं आपसूक वाचायचं-लिहायचं नाटक करू लागली, आणि नाटकातून खरं वाचन.

आपल्याकडे याला फारसं काही विकत आणावं लागत नाही. चार खुर्च्यांची एसटी करा. पुढे पाटी हवीच, नाहीतर गाडी कुठे चाललीय ते प्रवाशांना कळणार कसं? 'नाशिक – धुळे' लिहा, दुसऱ्या दिवशी 'सातारा – स्वारगेट'. कंडक्टरला तिकिटं फाडायची असतात, त्यावर गावाचं नाव. प्रवासी भलत्याच गाडीत बसला की वाचायला न येण्याचा तोटा सगळ्यांना दिसतो. भातुकलीच्या डब्यांना चिठ्ठ्या लावा: साखर, पोहे, गूळ. भाजीवाल्याला पाटी, डॉक्टरला औषधाची चिठ्ठी, हॉटेलवाल्याला मेनूकार्ड. विकतचा डॉक्टरांचा किंवा दुकानाचा संच घेणार असाल, तर त्यात लिहायच्या-वाचायच्या वस्तू किती, ते बघा. प्लॅस्टिकचं स्टेथोस्कोप बिचारं काही वाचायला देत नाही.

वाचू लागलेल्या मुलांसाठी, साधारण सहाच्या पुढे, असे पटावरचे खेळ निवडा ज्यात कार्ड वाचल्याशिवाय सोंगटी हलत नाही. 'एका पायावर उभा राहून पाच फळं सांग', 'दोन घरं मागे जा'. स्वतःच्या पाळीची चिठ्ठी मूल जितक्या चिकाटीने लावतं, तितक्या चिकाटीने धडा कधीच लावत नाही. खजिन्याच्या चिठ्ठ्या, नाव-गाव-फळ-फूल हेही त्याच जातीचे खेळ. दोनच्या आतल्या बाळांना जाड पुठ्ठ्याची पुस्तकं आणि मांडी, बस्स.

आणि भेंड्या. प्रवासात गावांच्या नावांच्या भेंड्या लावणं म्हणजे शब्दाचं शेवटचं अक्षर कानाने सुटं करणं. वाचनाची ती पूर्वतयारीच आहे. 'अंबरनाथ'वर थ आला की पुढचा कसा अडकतो, ते सगळ्यांना माहीत आहे.

खेळण्यातून जमलेली अक्षरं वापरायला पुस्तक जवळ नसेल, तर सगळं अधांतरी राहतं. म्हणून भेटीच्या बजेटचे दोन भाग करावेत, हा माझा आग्रह. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तकं बहुतेक प्लॅस्टिकच्या पाट्यांपेक्षा स्वस्त पडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर मराठी गोष्टी मोफत मिळतात, पातळीनुसार लावलेल्या, आणि छापून शिवायलाही मोकळीक आहे.

खोक्यावरची खूण

1 जानेवारी 2021 पासून भारतात 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. साध्या खेळण्यांसाठी मानक क्रमांक आयएस 9873, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांना आयएस 15644. खूण नसलेलं जत्रेतलं स्वस्त खेळणं मोह पाडतं, पण रंगात काय आहे ते आपल्याला दिसत नसतं.

तीन वर्षांखालच्या मुलाला सुटे छोटे तुकडे देऊ नका; वर सांगितलेली सुटी अक्षरंही त्या वयात मोठ्या आकाराचीच हवीत. चुंबकाच्या अक्षरांमागचा चुंबक निघून येत नाही ना, ते ओढून बघा. एकापेक्षा जास्त चुंबक पोटात गेले, तर आतड्याच्या दोन घड्यांमधून एकमेकांना चिकटतात आणि भोक पाडू शकतात. बोलणाऱ्या पुस्तकांत आणि पेनांत बटणासारखे चपटे सेल असतात. त्यांचं झाकण स्क्रूने बंद असलंच पाहिजे. असा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, सकाळची वाट बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. निघताना खेळण्याचं खोकं किंवा तसाच दुसरा सेल सोबत घ्या, म्हणजे आकार आणि प्रकार डॉक्टरांना लगेच कळतो.